पाहुणी, राक्षस आणि शेजारी

रोगाला माणसाचे रूप देण्याची हौस जाहिरातवाल्यांनी प्रथम काढली असे कुणी म्हणेल, तर ते खरे नव्हे. आमच्या बेळगाव-निपाणीकडच्या वडीलधाऱ्या बायका एका भयंकर रोगाचे नावच ‘देवी’ असे घेत. देवी ‘झाल्या’ नव्हे, ‘आल्या’ म्हणत. आणि आलेल्या पाहुणीचा मान राखावा तशी घरातली फोडणी बंद होई, दाराला कडुलिंबाचा डहाळा लागे. पटकीची मरीआई तर गाड्यात बसून गावच्या शिवेपर्यंत जाई. ही पाठवणी शिवेपलीकडच्या गावाला कितपत रुचत असेल, हे मात्र कुणी विचारीत नसे.

त्याच बेळगावात, टिळकवाडीच्या ‘व्हॅक्सीन डेपो’त, वासरांच्या कातडीवर वाढवलेली देवीची लस तयार होई. पाहुणीला हात जोडणारी माणसेच मुलांचे दंड टोचून घेऊन तिची वाट अडवीत. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला, आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले.

आता पाहुणीच्या जागी राक्षस आला आहे. साबणाच्या आणि टूथपेस्टच्या जाहिरातींतल्या जंतूंना शिंगे असतात, सुळे असतात, कर्कश हसू असते. मुले त्या भीतीने हात धुतात, ही जमेची बाजू. गोष्टीतला टोपीवाला उंदीरही मुलांना राजापेक्षा आवडतो. तेवढ्यासाठी कुणी कणगी उघडी ठेवीत नाही. मग बिघडते कुठे?

माझ्या सात वर्षांच्या नातवाने ते मला दाखवले. कांजिण्यांतून उठून शाळेत आलेल्या सोबत्याशेजारी बसायला तो तयार होईना. “आजोबा, त्याच्या पोटात राक्षस आहे,” तो अगदी गंभीरपणे म्हणाला. राक्षसाला राहायला कुणाचे तरी अंग लागतेच. मग शिंगे त्या अंगालाच फुटलेली दिसू लागतात.

मोठ्यांचेही तेच झाले. २०२० च्या होळीत मुंबईला वरळीत ‘कोरोनासुरा’चा पुतळा जाळला गेला. पुढच्या काही महिन्यांत मात्र आजाऱ्याच्या घरासमोरून जाताना लोक तोंड फिरवू लागले. २०२१ साली निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे चाचणीचा दाखला मागत. तपासणी साथीपुरती होती. पण पलीकडून आलेला पाहुणा मरीआईचा गाडाच घेऊन आला आहे, अशा नजरेने पाहणारेही भेटले. ज्यांची सोयरीक दोन्ही बाजूंना, त्यांना ती नजर फार लागली.

निपाणीकडचा तंबाखूचा शेतकरी या बाबतीत शहाणा. पानांचा फडशा पाडणाऱ्या अळीला तोही ‘लष्करी अळी’ म्हणतो; पण नाव ठेवून थांबत नाही. तिचा पतंग पानांवर पुंजक्याने अंडी घालतो आणि त्याला एरंड फार आवडतो, हे जाणून रोपवाटिकेच्या कडेने एरंड लावतात व अंड्यांची पाने खुडून नष्ट करतात. यात पूजा नाही, द्वेषही नाही, ओळख आहे.

नातवाला मी एवढेच सांगितले की, सगळ्या फोडांच्या खपल्या धरल्या की कांजिण्या दुसऱ्याला लागत नाहीत. “मग राक्षस कुठे गेला?” त्याने विचारले. म्हटले, “राक्षस नव्हताच, बाळ. तुझा सोबती आजारी होता. आता तो बरा झाला आहे, आणि आठ दिवस त्याच्याशी खेळायला कुणी नव्हते.”