पुसता येणारी जागा

शहाबादी फरशीवर खडू फार छान चालतो. तो घसरत नाही की अडकत नाही. फरशी ओली असताना रेघ फिकी दिसते आणि वाळली की अशी काही उजळते की काढणाऱ्यालाच नवल वाटावं. कर्नाटकातल्या शहाबादचा हा चुनखडीचा दगड महाराष्ट्रातल्या वाड्यांत, चाळींत, बैठ्या घरांत पसरला आणि आमच्या पिढीला खोलीभर कागद फुकट मिळाला. त्यावर आम्ही आगगाड्या काढल्या, मिशीवाले मास्तर काढले, भांडण झालेल्या मैत्रिणीला शेपूट काढलं. दिवेलागणीच्या आधी आईचं ओलं फडकं फिरलं की मास्तर आणि मैत्रीण दोघेही नाहीसे. कुणी फोटो काढून ठेवला नाही, आणि रागावलंही नाही.

त्याआधीच्या घरांत सारवलेली जमीन होती, अंगणात काडी होती, हातात पाटी होती. दारातली रांगोळी दुसऱ्या दिवशी झाडली जायची. डहाणू-तलासरीकडच्या वारली घरांत लग्नाचा चौक आजही सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने लिहितात, ठेचलेल्या बांबूच्या काडीने, आणि काळ गेला की नव्या सारवणाखाली तो चौक जातो. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी हीच रेघ भिंतीवरून कागदावर आणली, जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण मूळ भिंतीला टिकायची हौस नव्हती. घर स्वतःच पुसता येत होतं, म्हणून मुलांसाठी त्यात वेगळी जागा करायची कुणाला गरज पडली नाही.

माझ्या मुलाच्या फ्लॅटमध्ये खडू टेकवायला जागा नाही. व्हिट्रिफाइड फरशीवर तो सटकतो. भिंतीला महागडा रंग, दारांना सनमायका, टीपॉयला काच. तीन वर्षांच्या नातीने सोफ्यामागच्या भिंतीवर मेणखडूने एक लांबलचक फेरी मारली तेव्हा सूनबाईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. तेव्हाच ठरलं, बाल्कनीलगतचा कोपरा मुलीचा.

मुलाने मोबाइलवर तयार सेट पाहायला सुरुवात केली. छोटं टेबल, छोटी खुर्ची, कागदाची गुंडाळी लावायचा दांडा, छत्तीस रंगांची पेटी. मी म्हटलं, आधी प्लायवुडचा तुकडा आण. सुताराकडून चार फूट बाय तीन फूट कापून घेतला, कडा घासून घेतल्या, त्यावर फळ्याला लावतात तो काळा रंग दोन हात दिला. जमिनीपासून वीतभर वर ठोकला, कारण ती उकिडवी बसूनही काढते आणि टाचा उंचावूनही. नवा फळा लगेच वापरायचा नसतो. खडू आडवा धरून आधी तो सगळा पांढरा करायचा आणि कोरड्या फडक्याने पुसायचा. नाहीतर पहिली रेघ जन्मभर पुसट दिसत राहते. हे मला शाळेच्या शिपायांनी शिकवलं होतं, ते इतक्या वर्षांनी कामाला आलं.

फळा उभा हवा, याला कारण आहे. लहान मूल मनगटातून काढत नाही, खांद्यातून काढतं. सगळा हात फिरला तर रेघ फिरते. टेबलावरच्या वहीच्या कागदावर तो हात मावत नाही, मग रेघ टेबलावर उतरते आणि आपण म्हणतो, पोरगी मुद्दाम करते.

खाली जमिनीवर काय घालायचं, हा प्रश्न सोसायटीच्या वॉचमनने सोडवला. निवडणुकीनंतर उतरवलेला फ्लेक्स त्याच्याकडे होता. भावी नगरसेवकांचे चेहरे खाली, पांढरी पाठ वर. रंग सांडला तरी पुसून निघतो. पाण्याला लोणच्याची जुनी बरणी, बुडाशी जड, सहज कलंडत नाही. ब्रश पुसायला माझ्या यजमानांचं बनियन. रंग लाल, पिवळा, निळा, काळा, पांढरा एवढेच. हिरवा तिने स्वतः शोधून काढला आणि त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाला हाताला धरून दाखवायला नेलं. छत्तीसच्या पेटीत तो आयता पडलेला असता. कागद म्हणजे ऑफिसातून येणारे पाठकोरे, आणि सहकारी बँकेच्या दिनदर्शिकेची उलटलेली पानं.

सामानाचं एवढंच. खरी अडचण मोठ्यांची होते. "काय काढलंस गं?" हा प्रश्न तोंडातून निघाल्याशिवाय राहत नाही. मूल गोल गोल फिरवत असतं, त्याला नाव नसतं, आपण विचारलं की ते बिचारं काहीतरी सांगून मोकळं होतं, "हत्ती." मग आपण सोंड कुठेय विचारतो. रोडा केलॉग या अमेरिकन बाईंनी लहान मुलांची लाखो चित्रं जमवली आणि गिरगोट्यांतून वीस मूळ रेषाप्रकार वेगळे काढले. सोंडेच्या कितीतरी आधीचा तो मुक्काम आहे, आणि त्यातून मूल आपल्या पायांनी पुढे जातं. डोक्यालाच पाय फुटलेला माणूस जगभरातली मुलं काढतात, कुणी न शिकवता. पोट नंतर येतं.

याउलट दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळणारी नदी, कौलारू घर आणि नारळाचं झाड हे चित्र मोठ्यांनी शिकवलेलं असतं. सोलापूरच्या मुलांच्या वहीतही नारळ डुलतो. पुढे एलिमेंटरीला बसायचं, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र करायचं, त्याची शिस्त वेगळी आणि ती लागते तेव्हा लागावी; मला त्या परीक्षेबद्दल आदरच आहे. पण चौथ्या वर्षी नको. म्हणून कोपऱ्याचा एकच नियम केला: मोठ्यांनी तिथे खडू हातात घ्यायचा नाही. "थांब, मी काढून दाखवतो" म्हणणाऱ्या काकांना चहा द्यायला आत बोलवायचं.

सेवाग्रामला नयी तालीमच्या शाळेत १९४४ पासून देवी प्रसाद चित्रकला शिकवत. शांतिनिकेतनात शिकलेला हा कलावंत वर्ध्याच्या उन्हात खेड्यातल्या मुलांबरोबर वर्षानुवर्षं राहिला. मुलांच्या कलेवर त्यांनी पुढे पुस्तकही लिहिलं. मला त्यातला भाबडेपणा नसलेला धीर आवडतो. मूल काय काढतं यापेक्षा ते काढताना काय होतं, हे बघत बसायला वेळ लागतो, आणि आमच्या घरात तो फक्त माझ्याकडे आहे.

मुलाला मात्र जपून ठेवायची घाई. त्याने मुद्दाम जाड ड्रॉइंग पेपर आणले, त्यावर तिने निळ्यात पिवळं ओतलं, आणि साहेबांनी तो कागद फ्रेम करून हॉलमध्ये टांगला. पाहुण्यांनी कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी ती ब्रश घेऊन माझ्याकडे आली.

"आजी, बाबाला सांग ना, ते खाली काढ. त्याची मागची बाजू अजून बाकी आहे."