डॉक्टरांचा दुसरा निर्णय

डॉ. श्रीराम लागूंच्या आयुष्यात दोन मोठे निर्णय आहेत. पहिला १९६९ सालचा. कान-नाक-घशाचे शल्यविशारद, पुण्यात चालता दवाखाना, नंतर टांझानियातल्या टबोरा गावी डॉक्टरी. हे सगळं बाजूला ठेवून चाळिशी उलटल्यावर ते पूर्णवेळ नट झाले. पुढच्याच वर्षी डिसेंबरात शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ रंगमंचावर आलं आणि हा निर्णय योग्यच होता, यावर सगळ्या महाराष्ट्राचं एकमत झालं. दुसरा निर्णय त्यानंतर काही वर्षांतला, हिंदी सिनेमात येतील त्या भूमिका घेण्याचा. मराठी-हिंदी मिळून शंभराहून कितीतरी अधिक सिनेमांत ते दिसले, आणि त्यातले बहुतेक हिंदी. या दुसऱ्या निर्णयाबद्दल नाटकातली माणसं आजही हळहळतात. डॉक्टर तिकडे गेले नसते तर, असं म्हणतात आणि वाक्य अर्धंच सोडतात.

मी ते वाक्य पुरं करणाऱ्यांपैकी होतो. डॉक्टरांनी आपली उमेदीची वर्षं वाया घालवली, असं मी कित्येक वर्षं ठामपणे म्हणत आलो. नाट्यसंस्थेच्या बैठकीत म्हटलं, तालमीनंतरच्या चहावर म्हटलं, नव्या पोरांना उदाहरण म्हणून सांगितलं. आज माझं मत तसं राहिलेलं नाही. ते एका दिवसात बदललं नाही, आणि कोणी वाद घालून बदलवलंही नाही.

आधी त्या रागाचं मूळ सांगतो. तरुणपणी मी ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ पाहिलं. गो. पु. देशपांड्यांचं हे नाटक १९७४ सालचं. दिग्दर्शन डॉक्टरांचं आणि मुख्य भूमिकाही त्यांचीच. मार्क्सवादी प्राध्यापक श्रीधर विश्वनाथ कुलकर्णी विद्यापीठाच्या चौकशी समितीसमोर बसलाय, एवढाच मामला. गाणं नाही, रडारड नाही. प्रश्न आला की डॉक्टर किंचित थांबायचे. त्या थांबण्यात समोरच्या माणसाचं माप घेतलेलं असायचं. मग आवाज तसूभरही न चढवता उत्तर. अख्खं प्रेक्षागृह त्या थांबण्याकडे कान लावून असायचं. खुर्चीत बसलेला माणूस नुसत्या विचाराने रंगमंच भरून टाकू शकतो, हे मी त्या रात्री पहिल्यांदा पाहिलं.

आणि चारेक वर्षांत ‘मुकद्दर का सिकंदर’ आला. त्यात डॉक्टर नायिकेचे वडील. मग ‘लावारिस’मध्ये दारूच्या आहारी गेलेला गंगू गणपत. मग कुठे न्यायाधीश, कुठे पोलीस अधिकारी, कुठे डॉक्टर, आणि बहुतेक ठिकाणी बाप. कित्येकदा पाचदहा मिनिटांचं काम. ज्या माणसाने ‘नटसम्राट’मधला आप्पा बेलवलकर उभा केला, त्याला कुणाच्या तरी नायिकेच्या मागे शाल पांघरून उभं केलेलं बघताना माझ्या पोटात तुटायचं. त्या वेदनेबद्दल मी आजही काही मागे घेत नाही. त्यातले पुष्कळ सिनेमे खरोखरच सामान्य होते.

बदलाची सुरुवात झाली ती हिशेबाच्या वहीपासून. बँकेची नोकरी असल्यामुळे आमच्या हौशी संस्थेचं खजिनदारपद माझ्याकडे आलं ते कायमचंच. एका प्रयोगाचा जमाखर्च लिहिला की रंगभूमीबद्दलचं बरंच काही कळतं. नाट्यगृहाचं भाडं, वर्तमानपत्रातली जाहिरात, नेपथ्याचा टेम्पो आणि हमाली, लाइट्सवाल्याचे, संगीतवाल्याचे, रंगभूषेचे, कपड्यांच्या इस्त्रीचे, मधल्या वेळच्या चहा-वड्याचे. हे सगळं वजा जाता नटाच्या पाकिटात काय घालायचं, हा प्रश्न आमच्याकडे बहुधा उद्भवतच नसे, कारण आम्ही नोकरदार होतो. आमचं पोट बँकेवर, आयुर्विम्यावर, शाळेवर चालायचं आणि रविवारी आम्ही रंगभूमीची सेवा करायचो. पण ज्याने डॉक्टरी सोडली, त्याच्यामागे बँक नव्हती. व्यावसायिक नाटकात नाईट मिळते ती प्रयोगाची. प्रयोग लागला तर पैसे, आजारी पडलात तर नाही, पावसाने दौरा रद्द झाला तर नाही. आणि प्रायोगिक नाटकात नाईट मिळण्याऐवजी खिशातलेच जातात.

आमच्याकडे एक गुणी मुलगा होता. त्याला रोजची मालिका मिळाली आणि तो तालमींना दांड्या मारू लागला. “काका, शिफ्ट लागलीय,” असा फोन यायचा आणि मी चडफडायचो. एकदा त्याला समोर बसवून डॉक्टरांचं उदाहरण दिलं: बघ, एवढा मोठा नट आणि कसा वाया गेला. तो मुकाट्याने ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, “काका, तुम्हाला पेन्शन बसेल ना?” बोलण्यात उद्धटपणा नव्हता. त्याला खरंच माझ्याकडून उत्तर हवं होतं. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली, पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. पगार, महागाई भत्ता, भविष्यनिर्वाह निधी या सगळ्याच्या सावलीत बसून मी एका नटाने काय करायला नको होतं ते ठरवत होतो.

मग मी साध्या गोष्टीकडे वळलो, ती आधीच करायला हवी होती. डॉक्टरांची नाटकं आणि सिनेमे सालवार शेजारी शेजारी मांडले. हिंदीत गेल्यावर नाटक सुटलं, असा माझ्या मनातला क्रम होता. कागदावर तसं काही दिसेना. ‘लावारिस’ १९८१चा. १९८२मध्ये अॅटनबरोच्या ‘गांधी’त ते गोपाळ कृष्ण गोखले झाले. आणि १९८३मध्ये तेंडुलकरांच्या ‘कन्यादान’मध्ये नाथ देवळालीकर. समाजवादी विचारांचा बाप, मुलीने दलित कवीशी लग्न करावं म्हणून तिच्या पाठीशी उभा राहतो आणि त्या उदात्तपणाची किंमत मुलगी मोजते. डॉक्टर ज्या पुरोगामी वर्तुळात वावरत होते त्याच वर्तुळाला सर्वांत जास्त टोचणारं हे नाटक, आणि ते त्यांनी केलं. १९८८मध्ये एलकुंचवारांचं ‘आत्मकथा’. १९८९मध्ये मृणाल सेनांचा ‘एक दिन अचानक’, एका पावसाळी संध्याकाळी घराबाहेर पडून परत न आलेला प्राध्यापक. प्रेमानंद गज्वींच्या ‘किरवंत’चं दिग्दर्शन. सत्तरी ओलांडल्यावर ‘मित्र’. ही काही रंगभूमी सोडलेल्या माणसाची यादी नाही. यातली निम्मी नाटकं अशी आहेत, की ती चालतील म्हणून कोणी व्यावसायिक निर्माता पैसा लावायला धजला नसता.

दोन्ही याद्या एकत्र पाहिल्यावर मला वेगळंच दिसू लागलं. हिंदी सिनेमाच्या शिफ्टमुळे डॉक्टरांना नाटक निवडण्याची मोकळीक मिळाली होती. घर चालवण्यासाठी त्यांना नको ते नाटक करावं लागलं नाही. व्यावसायिक रंगभूमीवरच राहिले असते तर ‘नटसम्राट’चा साचा पुन्हा पुन्हा त्यांच्या गळ्यात मारला गेला असता, याची मला आता खात्री आहे. आपण प्रेक्षक तेच मागतो. ‘नटसम्राट’ची शारीरिक दमछाक भयंकर, प्रकृतीमुळे डॉक्टरांनी ते पुढे सोडलं आणि दत्ता भट, सतीश दुभाषी यांनी आप्पा साकारला. मग डॉक्टरांनी काय करावं, अशी माझी अपेक्षा होती? तीच स्वगतं वर्षानुवर्षं, गावोगावी, एसटीच्या धुळीत? आजारी शरीराने?

यात आणखी एक गोष्ट मला उशिरा दिसली. तडजोड करणारा माणूस सगळीकडेच वाकतो, असा माझा समज होता. पण हा तोच माणूस, ज्याने १९७०मध्ये तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ दिग्दर्शित केलं आणि सेन्सॉरने साडीवरच्या लाल डागाला हरकत घेतल्यावर डाग निळा केला, आणि प्रत्येक प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितलं की पुढे दिसणारा निळा डाग लाल आहे असं समजा. पुढे देवाला निवृत्त करा, असं त्यांनी उघडपणे लिहिलं. मुहूर्ताच्या नारळाशिवाय जिथे कॅमेरा सुरू होत नाही, त्या धंद्यात राहून लिहिलं. विचार विकायचा नाही आणि मेहनत मात्र बाजारभावाने विकायची, ही रेघ त्यांनी स्वतःपुरती आखून घेतलेली होती. ‘लमाण’ या आत्मचरित्रात ते नटाला माल वाहून नेणारा म्हणतात. त्यातल्या श्रमाकडे माझं तेव्हा लक्षच गेलं नव्हतं.

भूमिकांबद्दलही थोडं बोललं पाहिजे, कारण सगळ्या हिंदी कामाला एकाच मापाने मोजणं ही मोठी चूक. ‘घरौंदा’ मी अलीकडे पुन्हा पाहिला. १९७७चा भीमसेन यांचा सिनेमा, लेखन शंकर शेष यांचं. मुंबईत घर मिळत नाही म्हणून अमोल पालेकरचा नायक प्रेयसीला सुचवतो, की साहेबाशी लग्न कर, हृदयाचं दुखणं आहे, फार दिवस काढणार नाही. तो साहेब म्हणजे डॉक्टर लागू. कागदावर ही भूमिका प्रेमाच्या आड येणाऱ्या श्रीमंत म्हाताऱ्याची आहे. डॉक्टरांनी त्याला एक संकोच दिलाय. झरीना वहाबशी बोलताना ते हक्काने जवळ सरकत नाहीत. वाक्य पुरं झाल्यावर नजर क्षणभर बाजूला घेतात, जणू नकार ऐकायला तिला जागा करून देतायत. हळूहळू पाहणाऱ्याची सगळी सहानुभूती त्या माणसाकडे सरकते आणि सिनेमाचा तोलच बदलतो. ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’त पाहिलेलं ते थांबणंच हे, फक्त इथे त्याला समोरासमोरचं कॅमेऱ्याचं अंतर मिळालंय. या भूमिकेला फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. तेव्हा मला तो पुरस्कारसुद्धा अपमान वाटला होता: आमच्या आप्पासाहेबांना ‘सहायक’?

आणि त्या पडद्यावरच्या चेहऱ्याचं त्यांनी काय केलं? सामाजिक कृतज्ञता निधीसाठी अत्र्यांचं ‘लग्नाची बेडी’ नामवंत नटसंच घेऊन गावोगाव फिरलं. डॉक्टर होते, निळू फुले होते, तनुजा होत्या. पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावं, यासाठी तो पैसा उभा राहिला. तालुक्याच्या गावात लोक तिकीट काढून आले ते ‘गिधाडे’च्या दिग्दर्शकासाठी नव्हे. पडद्यावर पाहिलेली माणसं प्रत्यक्ष दिसणार म्हणून आले. निळूभाऊंचंही तेच. एकाच छापाचे पाटील आणि सरपंच त्यांनी किती रंगवले! गुणी नटाला साच्यात घातलं म्हणून आपण हळहळतो. पण त्याच चेहऱ्याच्या ओढीने भरलेल्या नाट्यगृहातून कार्यकर्त्यांचं मानधन निघालं.

म्हणून आता कुठल्याही नटाच्या निवडीबद्दल बोलताना मी आधी विचारतो, त्या दिवशी त्याच्यापुढे दुसरं काय ठेवलेलं होतं? रोहिणी हट्टंगडींचं उदाहरण घ्या. ‘गांधी’तल्या कस्तुरबांसाठी बाफ्टा मिळवलेली अभिनेत्री. पुढे १९९०च्या ‘अग्निपथ’मध्ये त्या अमिताभ बच्चनच्या आई झाल्या, म्हणजे स्वतःपेक्षा वयाने मोठ्या नटाच्या आई. त्यांनी आईच्या भूमिका फार लवकर घेतल्या, अशी कुरकुर मी ऐकलीय आणि केलीयही. चाळिशीच्या आतबाहेरच्या, नायिका नसलेल्या अभिनेत्रीसाठी तेव्हा हिंदीत दुसरं काय लिहिलं जात होतं, हे कुरकुर करणाऱ्यांनी सांगावं.

लक्ष्मीकांत बेर्डेच्या बाबतीत मात्र माझी हळहळ गेलेली नाही. ‘मैंने प्यार किया’, ‘हम आपके हैं कौन’मधला लल्लू, मराठीतला पहिल्या क्रमांकाचा नट हिंदीत घरगडी. पण तिथेही माझा रोख बदललाय. १९९२मध्ये जब्बार पटेलांनी ‘एक होता विदूषक’ केला, पटकथा पु. ल. देशपांड्यांची. सोंगाड्याच्या भूमिकेत लक्ष्मीकांतने हसण्यामागचं सगळं उघडं करून दाखवलं. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्या सिनेमाला मिळाला, गल्ला मात्र जमला नाही. त्याच्या धमाल सिनेमांना ज्या टॉकीजबाहेर रांगा लागत, तिथे त्याच्या सर्वांत मोठ्या कामाला लोक आले नाहीत. त्याने वेगळी वाट एकदा मनापासून चालून पाहिली होती. पन्नाशीत तो गेला आणि मग आपण म्हणू लागलो, की त्याने गंभीर भूमिका करायला हव्या होत्या.

माझा एक जुना रंगकर्मी मित्र अजून पहिल्या मतावर ठाम आहे. त्याचा मुद्दा हलका नाही. १९७५ ते १९८५ ही डॉक्टरांची सत्तेचाळीस ते सत्तावन्न या वयातली वर्षं, नटाच्या समजुतीची आणि ताकदीची वर्षं. त्या काळात आणखी चार मोठी नाटकं झाली असती, तो म्हणतो. झाली असती, हे मलाही मान्य आहे. मग मी विचारतो, ती लिहिली कोणी असती आणि उभी कोणी केली असती? लेखकांची नावं तो भराभर सांगतो. निर्मात्याच्या नावाशी येऊन आमचा वाद दर वेळी अडतो.