गणेशखिंडीतला बंगला

पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे मुळात मुंबईच्या गव्हर्नरांचे पावसाळी निवासस्थान. सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत १८६४ मध्ये काम सुरू झाले, ते १८७१ पर्यंत चालले. इटालियन धाटणी, ऐंशी फुटी मनोरा, पुढे हिरवळ. इंग्लंडातल्या वाइट बेटावरच्या ऑस्बोर्न हाउसवरून ती बेतली असे म्हणतात. (वाइट हे बेटाचे नाव आहे, आमचे मत नव्हे.)

आम्ही तिथे गेलो ते थोरलीच्या प्रवेशासाठी. सोबत अम्मी होती. नात वसतिगृहात राहणार हे तिला मुळीच पसंत नव्हते. मानपाड्याहून निघालो, तळोजे गेले, लोणावळा आला, तरी तिचे एकच चालले होते, ‘कल्याणला कॉलेजं नाहीत का?’

ऑस्बोर्न ही व्हिक्टोरिया राणीची आवडती वास्तू. आग्र्याचा अब्दुल करीम १८८७ मध्ये खिदमतगार म्हणून इंग्लंडला गेला आणि राणीला उर्दू शिकवता शिकवता तिचा मुन्शी झाला. १९०१ मध्ये राणी वारली. नव्या राजाच्या हुकमाने तिची करीमला आलेली पत्रे जाळली गेली. उस्तादाची ही कदर!

आपल्या गणेशखिंडीतही २२ जून १८९७ च्या रात्री तिच्याच राज्यारोहणाचा हीरक महोत्सव झाला. तो आटोपून परतणाऱ्या रँडवर चापेकरांनी गोळी झाडली, ती इथल्याच रस्त्यावर.

१९४९ मध्ये विद्यापीठ सुरू झाले आणि साहेबाचे घर विद्यार्थ्यांचे झाले. २०१४ पासून विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव आहे. ते वाचून थोरली दादीला सांगू लागली. आजारपणामुळे सावित्रीबाई माहेरी होत्या. तिथून १८५६ मध्ये जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी फातिमाची काळजी केली आहे, कामाचा सारा भार तिच्यावर पडला असेल म्हणून. हे पत्र कोणी जाळले नाही. आज ते छापील वाचायला मिळते.

‘कोण फातिमा?’ अम्मीने विचारले. थोरली म्हणाली, ‘त्यांच्या शाळेच्या कामातली सोबतीण, आपल्यातलीच.’ अम्मी काही बोलली नाही.

दुपारी वडाखाली डबा सोडला. गव्हर्नरसाहेबांच्या बागेत मुली पुस्तके घेऊन बसल्या होत्या, एकदोघींच्या डोक्यावर ओढणी होती. अम्मीचे जेवणात लक्ष नव्हते. हात धुऊन ती सरळ त्यांच्यापाशी गेली.

‘बेटी, होस्टेलात जेवायला काय देतात?’