‘उदास’ आणि ‘उदासीन’

‘उदास’ हा शब्द आजच्या मराठीत प्रामुख्याने खिन्न मनोवस्थेचा वाचक आहे. त्याचे मूळ मात्र मनापेक्षा आसनाशी निगडित आहे. ‘उद्’ हा उपसर्ग आणि ‘आस्’ म्हणजे बसणे हा धातू. व्यवहारापासून अलग बसलेला तो उदासीन. कौटिल्याच्या राजमंडलातील ‘उदासीन’ राजा खिन्न नसतो. तो विजिगीषू, अरी व मध्यम यांच्या कक्षेबाहेरचा आणि त्यांच्याहून बलवान असतो. गीतेतील उदासीन पुरुष व्यथेच्या पलीकडे गेलेला असतो. धन उदास विचाराने वेचावे असे तुकोबा सांगतात, तेव्हा त्यांना अनासक्तीच अभिप्रेत असते. या सर्व ठिकाणी अलग बसणे स्वेच्छेचे, किंबहुना सामर्थ्याचे लक्षण आहे.

आधुनिक मराठी कवितेत ही स्वेच्छा गळून पडलेली दिसते. बालकवींच्या ‘उदासीनता’ या कवितेत ती कारण न उमगणारी व्यथा होते. पुढील समीक्षेने कारणाचा हा अभावच काव्यगुण मानला आणि ‘उदास वातावरण’ ही संज्ञा रूढ केली. वातावरण उदास म्हटले की त्याला कर्ता उरत नाही.

आजच्या पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर परिसरात या संज्ञेची मर्यादा स्पष्ट होते. तारापूरला १९६९ मध्ये देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. पुढे तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठवण्यात आली. ते संच २००५-०६ मध्ये कार्यान्वित झाले. अशा गावांविषयी मराठीत दोन वाक्ये सवयीने लिहिली जातात: विस्थापित उदास आहेत, यंत्रणा उदासीन आहे. एकाच धातूची ही दोन रूपे परस्परविरोधी स्थाने दर्शवतात. हाती सत्ता असून अलग बसतो तो उदासीन. घरातून उठवून ज्याला अलग बसवले जाते तो उदास. पहिल्याच्या अलगपणात कौटिल्याच्या राजाचे बळ शिल्लक आहे, दुसऱ्याच्या वाट्याला केवळ विषाद आला आहे.

म्हणूनच उठलेल्या गावाच्या वर्णनाला ‘उदास’ म्हणून थांबणारी समीक्षा अपुरी ठरते. त्या गावाची उदासी कारणरहित नाही. तिला तारीख आहे, भूसंपादनाचा कागद आहे. कोण अलग बसला आणि कोणाला बसवले गेले, हा प्रश्न या शब्दाच्या धातूतच आहे. तो साहित्यकृतीलाही विचारला पाहिजे.