शिळे नव्हे, राखलेले

बुटीबोरीच्या एमआयडीसीतील पगारातून आम्ही फ्रीज घेतला; पण आई फ्रीजरमधले अन्न खात नसे. "शिळ्या तुकड्यांवर पिढ्या गेल्या, आता नाही," म्हणायची. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी हेच तर बजावले होते.

आम्ही म्हणालो, "आई, ते दुसऱ्यांनी फेकलेले होते, हे आपल्या घामाचे, राखलेले."

हिवाळ्यातले स्वस्त वाटाणे दोन मिनिटे उकळून, गार पाण्यात घालून, निथळून गोठवतो. उरलेली डाळ दोन तासांच्या आत लहान डब्यांत भरतो. लाईन जाऊन वितळली, तर पुन्हा गोठवत नाही.

रात्रपाळीहून आल्यावर डाळ आम्हीच खळखळून उकळतो. पत्नीला उठवत नाही.

परवा आईच म्हणाली, "माझाही डबा ठेव."

बंधुभगिनींनो, अन्नाबरोबर बाईचे कष्टही वाचवा. जय भीम!