३५० डॉलरचा आवाज

अमेरिकेत पिकअप ट्रक घेतला की तो कंपनीने दिला तसाच चालवणं बहुधा कमीपणाचं समजत असावेत. आधी टायर मोठे होतात, मग गाडी दोन इंच उचलली जाते, आणि मग एखाद्या शनिवारी दारात एक लांबट खोका येऊन पडतो. त्यात जाड प्लॅस्टिकची गुळगुळीत नळी, लाल रंगाचा शंकूसारखा फिल्टर, चार-सहा क्लॅम्प आणि काचेवर चिकटवायचा स्टिकर. याचं नाव कोल्ड एअर इनटेक. किंमत साधारण ३५० ते ४०० डॉलर.

(पिकअप म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टोमॅटोचे क्रेट भरलेली बोलेरो येते. इथे मात्र इस्त्रीचा शर्ट घालून हापिसला जाणारा माणूसही तीच गाडी चालवतो, मागचा हौदा बऱ्याचदा रिकामा! फोर्डची एफ-सिरीज चाळीसहून जास्त वर्षं सलग इथला सर्वाधिक खपाचा ट्रक आहे.)

तर आमच्या टीममधल्या एकाने हा खोका मागवला. त्याची एफ-१५०, पाच लिटरचं व्ही-८ इंजिन. माझ्याकडे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं ब्लूटूथचं छोटं यंत्र आहे, म्हणून मला बोलावणं आलं. "तू आकडे काढ, मी पाने फिरवतो," असं वाटप झालं.

यामागची थिअरी अगदी बरोबर आहे, हे आधी सांगतो. इंजिन म्हणजे शेवटी हवेचा पंप. थंड हवा दाट असते, दाट हवेत ऑक्सिजन जास्त, मग पेट्रोलही जास्त जाळता येतं. ४७ अंशांची हवा ३७ वर आणली तर घनता साधारण तीन टक्क्यांनी वाढते. चारशे हॉर्सपॉवरच्या इंजिनात कागदावर झाले की बारा हॉर्सपॉवर! वाईट काय?

वाईट एवढंच की कंपनीचा इनटेक गरम हवा घेतच नाही. बॉनेट उघडून बघा. तो काळा कंटाळवाणा डबा पुढच्या जाळीच्या बाजूने, बाहेरची हवा ओढतो आणि चारी बाजूंनी बंद असतो. उलट खोक्यातून आलेला लाल शंकू बऱ्याचदा इंजिनशेजारी उघडा बसतो. चांगल्या किटमध्ये त्याच्याभोवती आडोसा असतो, रबरी पट्टी बॉनेटला टेकते, तिथे गोष्ट वेगळी. पण जाहिरातीतले हॉर्सपॉवर डायनोवर मोजलेले असतात, आणि तिथे बहुतेक वेळा बॉनेट उघडं आणि समोर भला मोठा पंखा लावलेला. आपल्या भाषेत सांगायचं तर रिकाम्या डेटाबेसवर घेतलेला बेंचमार्क.

आणि मायलेज वाढण्याचं म्हणाल तर ते मला सगळ्यात गमतीदार वाटतं. हायवेवर सत्तरच्या स्पीडने जाताना थ्रॉटलची झडप थोडीशीच उघडी असते. म्हणजे इंजिनाला हवा कमी मिळावी अशी सोय आपण स्वतःच पायाने केलेली असते. मग पुढचा रस्ता कितीही मोकळा करा! ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ साली मुद्दाम तुंबवलेल्या फिल्टरवर गाड्या चालवून बघितल्या. आधुनिक फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत मायलेजला काही खास फरक पडला नाही, पिकअप तेवढा मंदावला. तुंबलेल्या फिल्टरने जे कमी होत नाही, ते मोकळ्याने वाढणार कसं?

आम्ही जुना डबा असताना एक फेरी मारली, नवी नळी बसवून तीच फेरी पुन्हा मारली. हायवेवर आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखंच. सिग्नलला उभं राहिलं की मात्र नव्या नळीत पारा जास्त चढायचा, आणि निघाल्यावर उतरायलाही वेळ घ्यायचा. शून्य ते साठला लागणाऱ्या वेळातला फरक आमच्या स्टॉपवॉचच्या चुकीपेक्षा लहान होता.

पण आवाज! कंपनीच्या नळीला एक बंद पोकळ डबी जोडलेली असते. बाटलीच्या तोंडावर फुंकलं की घुमतं ना, तेच तत्त्व उलटं वापरून ती इंजिनाच्या श्वासाचा आवाज गिळते. किट बसवताना ती निघते. मग पाय दाबला की पुढून जी गुरगुर येते, ती ऐकून हा चाळिशीचा माणूस लहान पोरासारखा हसला. पुण्यात बुलेटचा सायलेन्सर बदलणाऱ्यांच्या चेहऱ्यावर मी हेच हसू पाहिलंय. त्यांना कुणी मायलेज विचारत नाही. आवाजासाठी ३५० डॉलर घालवले असं सरळ सांगितलं तर माझी काही हरकत नाही. पैसे त्याचे, कान त्याचे.

माझी हरकत धुळीला होती. याच्या वडिलांचं रँच पश्चिम टेक्सासात आहे, महिन्यातून दोनदा तिकडे जातो, आणि शेवटचा पट्टा पांढऱ्या कच्च्या रस्त्याचा. धूळ कसली, टाल्कम पावडरच. फिल्टर जितका सहज हवा सोडतो, तितकी बारीक धूळही सोडण्याची शक्यता जास्त. तेल लावलेल्या सुती जाळीत ही तडजोड असतेच. वर धुतल्यावर तेल जास्त झालं तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर जाऊन बसतं. धुळीतली वाळू सिलिंडर आणि रिंगा घासत राहते. आज काही कळत नाही. लाखभर मैलांनी इंजिन ऑइल प्यायला लागतं तेव्हा कळतं, आणि तेव्हा नळीचा संशय कुणालाच येत नाही. वॉरंटीचं त्याने आधीच वाचून ठेवलं होतं: १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यामुळे केवळ बाहेरचा पार्ट लावला म्हणून कंपनी हात वर करू शकत नाही, त्या पार्टमुळेच बिघाड झाला हे तिला दाखवावं लागतं. "पण तुझ्या बाबतीत ते दाखवणं सोपं आहे," मी म्हटलं. यावर तो बराच वेळ गप्प होता.

आता त्याने आपला तोडगा काढलाय. शहरात नळी, वडिलांकडे जाताना जुना डबा. अदलाबदलीला अर्धा तास लागतो, त्यातली वीस मिनिटं दहा नंबरचा सॉकेट शोधण्यात जातात.