घट बसायच्या आत

उमापूरच्या आमच्या घरात भिंतींना वर्तमानपत्रं चिकटवलेली असत ती शोभेसाठी नव्हे, माती झडू नये म्हणून. माळवदाचं घर, हातभर रुंद मातीच्या भिंती. पाठ टेकली की सदऱ्याला भुगा लागायचा, आणि चुलीकडच्या भिंतीची माती तर थेट कालवणात. म्हणून कागद. दोन-चार वर्षांनी जुन्यावरच नवा थर चढायचा. थरांवर थर होऊन कागद फुगला, त्याच्यामागं झुरळांनी संसार थाटला, की एखाद्या वर्षी आजी जाहीर करायची, "औंदा समदं सोलून काढायचं."

हे फर्मान सुटायचं पितरांच्या पंधरवड्याच्या सुमारास. घट बसायच्या आत घर निर्मळ झालं पाहिजे, हा आमच्याकडचा नेम. गोधड्या धुवायच्या, डबे घासायचे, माळवदावरचं गवत उपटायचं, आणि या सगळ्यात सर्वांत चेंगट काम म्हणजे मधल्या खोलीचे कागद. पुढं ढकलायची सोय नसायची. रानात कापूस फुटायला लागलेला, म्हणजे बायामाणसांचे हात लवकरच वेचणीत गुंतणार. शिवाय दसरा उलटला की गल्लीतली कितीतरी घरं कुलूप लावून, बैलगाडीत बिऱ्हाड टाकून ऊसतोडीला निघायची. मग बोलवायचं तरी कुणाला?

सोलायला अवघड जायचं, कारण चिकटवताना आजीनं जीव ओतलेला असायचा. खळ गव्हाच्या पिठाचीच. आम्ही बारमाही ज्वारीची भाकरी खाणारे. पोळी सणाला नाहीतर पाहुण्याला. पण भिंतीच्या वाट्याला मात्र गहू. ज्वारीच्या पिठाला गव्हाचा चिवटपणा नाही, हे आजीला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं. पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, गुठळ्या हातानं मोडायच्या, मग मंद आचेवर ढवळत राहायचं. पळीवरून तार सुटली की उतरवायची आणि त्यात चिमूटभर मोरचूद घालायचं, म्हणजे झुरळ आणि कसर लागत नाही. मोरचूद विषारी, म्हणून खळीचं पातेलं वेगळं. ते खुंटीला उलटं टांगलेलं असे आणि आम्हा पोरांना त्याला शिवायची बंदी.

काढायचं तंत्र आजीकडून काकूकडं आलं. आधी कोरडं जेवढं सुटेल तेवढं कोपऱ्यातून धरून ओढायचं. ते मोठ्या पट्ट्यांनी निघायचं आणि पोरांना त्यात भारी मजा. खरं काम त्याच्यापुढं. चुलीवर पाणी तापवायचं, जुन्या लुगड्याचे धडपे त्यात बुडवून घट्ट पिळायचे आणि भिंतीवर थापून ठेवायचे. कागदातून पाणी खळीपर्यंत उतरलं की वाळून कडक झालेलं पीठ पुन्हा फुगतं आणि बुळबुळीत होतं. मग उलथनं आडवं धरून हलकेच ढकललं की कागद आपसूक गुंडाळत यायचा. सिमेंटची भिंत असती तर बादलीभर पाणी ओतता आलं असतं. मातीच्या भिंतीला तेच पाणी जास्त झालं तर कागदाबरोबर भिंतच हातात यायची. म्हणून धडपा पिळलेलाच हवा, आणि खुरप्याला बंदी, कारण त्याचं टोक मातीत घुसतं. थोरले भाऊ घाई करायला लागले की काकू म्हणायची, "दमानं घ्या रे लेकरांनो. पाण्याला मुरू द्या. कागुद काय पळून चाललाय?"

माझी भाची न्यू जर्सीत राहते. तिनं जुनं घर घेतलं तेव्हा तिथल्या भिंतींवरचा फुलाफुलांचा कागद उतरवायला वाफेचं यंत्र भाड्यानं आणलं होतं. मला फोनवर त्याची कौतुकं सांगत होती. वाफ कागदात मुरते, खळ सैल होते, पातं सरकवलं की कागद निघतो. मी ऐकून घेतलं. काकूला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "मंग भाडं कशाचं घेत्यात?"

काकूची फजिती उडवायची ती फक्त दाराजवळची भिंत. तिथं कुण्या हौशी काकानं कागदावरूनच कमरेइतका ऑइलपेंटचा पट्टा मारला होता. त्याच्यातून पाणी आतच जाईना. शेवटी विळ्याच्या टोकानं रंगावर आडव्याउभ्या चिरा पाडल्या, तेव्हा कुठं धडप्याचं पाणी आत शिरलं. तो काका पुढं कितीतरी वर्षं त्या पट्ट्यावरून बोलणी खात होता.

आजीला वाचता येत नव्हतं. त्यामुळं पानं बसतील तशी लागलेली, निम्मी उलटी, काही आडवी. मान तिरकी करून मजकूर वाचायची सवय मला त्या खोलीत लागली. एकच दंडक होता : निधनाच्या बातमीतला फोटो आतल्या बाजूला जायला हवा, मेलेल्या माणसानं आपल्याला जेवताना बघू नये. देवांच्या कॅलेंडरला खळ कधीच नाही, ते खिळ्यालाच. दीनानाथ दलालांचं चित्र असलेलं 'दीपावली'चं मुखपृष्ठही असंच खिळ्यावर मानानं राहिलं, कारण त्यावरची बाई आजीला लक्ष्मी वाटायची. लक्ष्मी नव्हती; पण सांगणार कोण!

थर सुटायचे ते अर्थातच उलट्या क्रमानं. वर कपिलदेवच्या हातातला 1983 चा विश्वचषक, त्याच्याखाली आणीबाणीच्या अखेरची निवडणूक, त्याच्याही खाली जायकवाडी. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केलेलं ते धरण 1976 मध्ये इंदिरा गांधींनी राष्ट्राला अर्पण केलं, त्या दिवसाचं 'मराठवाडा'चं पान आमच्या आबांनी स्वतः दिवाणखान्याच्या बाजूला लावलं होतं. 'मराठवाडा' म्हणजे अनंत भालेरावांचा. आमच्या घरात संपादकाचं नाव घेतल्याशिवाय पेपरचं नाव घेत नसत. उजव्या कालव्याचं पाणी गेवराई तालुक्याला मिळणार, ही त्यातली बातमी आबांना तोंडपाठ. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेल्या माणसाला ती तोंडपाठ असणारच. सोलताना ते पान अख्खं निघावं म्हणून आबा स्वतः धडपा धरून उभे राहिले. तीन तुकड्यांत निघालं.

1993 साली मात्र सोलणं अर्ध्यात थांबलं. अनंत चतुर्दशी झाली, त्याच रात्री पहाटेच्या सुमारास किल्लारीचा भूकंप. आमच्याकडंही भांडी वाजली. पुढचे दिवस पेपर वाचायला भिंत लागली नाही, पारावर माणसं जमून वाचत होती. लातूर-उस्मानाबादकडं हजारो माणसं गेली ती दगडमातीच्या भिंती आणि डोक्यावरच्या मातीच्या जड माळवदाखाली, हे एकेका बातमीतून कळत गेलं. उन्हाळ्यात गार नि थंडीत ऊबदार म्हणून ज्याचं कौतुक करायचं, त्या माळवदाकडं सगळे मान वर करून बघायला लागले. आम्ही बरेच दिवस अंगणात झोपलो. आबांनी माळवदावरची वर्षानुवर्षं वाढलेली माती मजूर लावून निम्म्यानं उतरवली. मधल्या खोलीच्या दोन भिंती त्या वर्षी उघड्याच राहिल्या, आणि घट ओसरीत बसले.

पुढं वाडा उतरवून स्लॅब पडला. नव्या भिंतींना माती नाही, तेव्हा कागदाचं कामच उरलं नव्हतं. तरी चुलतभावाच्या पोरांनी अभ्यासाच्या खोलीत नकाशे, क्रिकेटवाले, पाढ्यांचे तक्ते खळीनं डकवलेच; खळ काकूनंच करून दिली होती. परवा त्या खोलीला रंग काढला. रंगाऱ्यानं पाणी मारून, पत्री चालवून कागद तासाभरात उतरवला आणि पुट्टीचा डबा उघडला. काकू आता वाकून चालते. ती भिंतीपाशी गेली, बोट थुंकीनं ओलं केलं आणि भिंतीवर दाबून उचललं. बोट चिकटलं.

"खळ हाय अजून," ती म्हणाली. "हिच्यावर रंग मारशील तर होळीला पोपडे धरतील."

रंगारी म्हणाला, पुट्टीखाली सगळं झाकतं. काकू खुर्ची घेऊन दारातच बसली. शेवटी गरम पाण्यात फडकी बुडवून चारी भिंती पुन्हा धुतल्या, त्या वाळायला दोन दिवस गेले, आणि पुट्टी तिसऱ्या दिवशी लागली. रंगाऱ्यानं एक हजेरी वाढवून मागितली. चुलतभाऊ घासाघीस करायला लागला, तर काकूनं पदराच्या गाठीतून पैसे काढून दिले आणि त्याला बजावलं, "घट बसायच्या आत दुसरा हात दे म्हंजी झालं."